हँडलच्या बेअरिंगचे ग्रीसिंग : झाकलेले काम आणि कारागिराची अमानत

मोटरसायकल दुरुस्तीच्या धंद्यात आपले बांधव मोठ्या संख्येने आहेत. तालुक्याच्या नाक्यावर एक गाळा, पान्यांच्या दोन पेट्या, हवेचा कॉम्प्रेसर आणि हाताखाली एक-दोन शिकाऊ मुले, एवढ्या भांडवलावर कित्येक कुटुंबांची रोजी चालते. या धंद्याचे स्वरूप मात्र झपाट्याने बदलले आहे. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चे नियम लागू झाले आणि बहुतेक नव्या गाड्यांमधून कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आले. कार्बोरेटर खोलून साफ करणे, जेट बदलणे, कानाने ऐकून ट्यूनिंग करणे या कामांवर ज्यांची उपजीविका होती त्यांना आता स्कॅनर लागतो. विजेवर चालणाऱ्या गाडीत तर इंजिनच नाही.

अशा वेळी लहान गॅरेजवाल्याने कोणत्या कामावर भर द्यावा, असा प्रश्न आम्हाला वारंवार विचारला जातो. आमचे उत्तर असे की, जी कामे पेट्रोलच्या आणि विजेच्या अशा दोन्ही गाड्यांत सारखीच राहणार आहेत आणि जी हाताच्या कसबावर अवलंबून आहेत, ती नीट शिकून घ्यावीत. चाक, ब्रेक, शॉकअप आणि हँडलचे बेअरिंग ही ती कामे होत. यांपैकी हँडलचे बेअरिंग हा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. म्हणून या लेखात त्याचाच विचार करू.

रचना कशी असते?

चेसिसच्या पुढच्या टोकाला एक जाड नळी असते. तिला आपण चेसिसचा गळा म्हणू. या गळ्यातून पुढच्या फोर्कचा दांडा आरपार जातो. दांड्याच्या खालच्या टोकाला फोर्कची खालची टी असते, तर वरच्या टोकाला वरची टी आणि तिच्यावर हँडल. गळ्याच्या वरच्या व खालच्या तोंडाशी एकेक बेअरिंग असते. शंभर-सव्वाशे सीसीच्या बऱ्याच गाड्यांत हे बेअरिंग म्हणजे एक वाटी, एक कोन आणि त्यांच्यामधील सुटे छर्रे. बाजारात याला कोणी कोनसेट म्हणते, कोणी बॉल रेस. काही गाड्यांत छर्रे पिंजऱ्यात बसवलेले असतात. काही जड गाड्यांत छऱ्यांऐवजी निमुळते रोलर असतात. स्कूटरची मांडणीही तत्त्वतः हीच.

गाडीच्या पुढच्या भागाचा भार, रस्त्याचा प्रत्येक धक्का आणि पुढच्या ब्रेकचा ताण या दोन बेअरिंगांतूनच चेसिसकडे जातो. त्यातही खालच्या बेअरिंगवर भार अधिक असतो आणि पुढच्या चाकाने उडवलेले पाणी व चिखल त्यालाच आधी गाठतात. म्हणून खराबीची सुरुवात बहुधा खालून होते.

ते खराब का होते?

चाकाचे बेअरिंग सतत पूर्ण फेरे मारते. त्याचे छर्रे ग्रीस आपल्याबरोबर फिरवत राहतात. हँडलच्या बेअरिंगचे तसे नाही. सरळ रस्त्यावर गाडी चालत असताना हँडल जेमतेम दोन-चार अंश इकडे-तिकडे हलते. प्रत्येक छर्रा आपल्या जागीच डुलत राहतो. त्याच्याखालचे ग्रीस हळूहळू दोन्ही बाजूंना सरकते, मधली जागा कोरडी पडते आणि रस्त्याचे धक्के मात्र त्याच जागेवर पडत राहतात. कोरड्या जागी लोखंडावर लोखंड घासून तांबूस भुकटी तयार होते आणि वाटीत छऱ्याच्या आकाराचे लहान लहान खळगे पडतात.

कठीण गोळा दाबून धातूवर खळगा पाडणे आणि त्या खळग्याच्या मापावरून धातूचा कठीणपणा ठरवणे, ही पद्धत स्वीडनचे अभियंते योहान ब्रिनेल यांनी १९०० साली मांडली. म्हणून बेअरिंगमधील अशा खळग्यांना आजही त्यांच्याच नावाने ओळखतात. फरक एवढाच की, प्रयोगशाळेत खळगा मुद्दाम पाडला जातो आणि आपल्या गाडीत तो निष्काळजीपणामुळे पडतो.

आणखी तीन कारणे आहेत. पहिले म्हणजे पावसाळा, विशेषतः कोकणातील. दुसरे म्हणजे प्रेशरच्या पाण्याचा फवारा थेट गळ्यावर मारून गाडी धुण्याची सवय. ज्या फटीतून पावसाचे पाणी सहज शिरत नाही तेथून हा फवारा आत शिरतो आणि ग्रीस धुऊन नेतो. तिसरे कारण ओझे. हँडलला दोन्ही बाजूंनी दुधाच्या किटल्या, मासळीच्या पिशव्या किंवा कापडाचे गठ्ठे अडकवून फिरणाऱ्यांच्या गाड्यांचे बेअरिंग इतरांच्या आधी जाते. ज्या गिऱ्हाइकाची रोजी गाडीवर चालते, त्याची गाडी अधिक वेळा तपासली पाहिजे.

खराबी कशी ओळखावी?

गाडी डबल स्टँडवर लावावी. डबल स्टँड नसेल तर इंजिनाखाली लाकडी ठोकळा किंवा जॅक द्यावा. पुढचे चाक जमिनीपासून उचललेले असले पाहिजे आणि गाडी घट्ट उभी असली पाहिजे. मग तीन तपासण्या कराव्यात.

पहिली, हँडल दोन बोटांनी अगदी सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावे. ते सर्वत्र सारखे फिरले पाहिजे. सरळ रेषेत आल्यावर ते खाचेत बसल्यासारखे अडकले, तर वाटीत खळगे पडले असे समजावे. वाळूवरून फिरवल्यासारखी खरखर लागली, तर ग्रीस गेले आहे किंवा गंज शिरला आहे.

दुसरी, पुढे बसून शॉकअपचे खालचे टोक दोन्ही हातांनी धरावे आणि पुढे-मागे ओढावे. खटका जाणवला तर बेअरिंग सैल आहे. मात्र जुन्या शॉकअपमधील बुश झिजले असले किंवा चाकाचे बेअरिंग गेले असले तरीही असाच खटका येतो. म्हणून दुसऱ्या माणसाने खालची टी आणि चेसिसचा गळा यांच्या सांध्यावर बोट ठेवावे. हालचाल तेथे जाणवली तरच दोष हँडलच्या बेअरिंगचा.

तिसरी, हँडल सरळ ठेवून हलकेच एका बाजूला ढकलावे. ते स्वतःच्या वजनाने टोकापर्यंत गेले पाहिजे. मध्येच थांबत असेल तर बेअरिंग फार कसलेले आहे, किंवा एखादी वायर वा केबल त्याला अडवते आहे. केबल आधी तपासावी.

गिऱ्हाईक आपली तक्रार त्याच्या शब्दांत सांगतो. ‘हळू चालवताना गाडी डुलते’ असे तो म्हणाला तर बेअरिंग बहुधा घट्ट आहे किंवा त्यात खाच आहे. ‘पुढचा ब्रेक मारला की खट् आवाज येतो’ म्हणाला तर बहुधा ते सैल आहे. दोन्ही दोष जिवावर बेतणारे आहेत. चालती दुचाकी तोल सांभाळते तो हँडलच्या बारीक बारीक हालचालींमुळे. त्या हालचाली अडल्या तर ऐन वळणावर किंवा खड्डा चुकवताना गाडी ऐकत नाही.

खोलताना घ्यावयाची काळजी

पुढचे चाक, मडगार्ड आणि हँडल काढावे लागते. डिस्क ब्रेक असल्यास कॅलिपर नळीला लोंबकळत ठेवू नये, तारेने बांधून ठेवावा. ब्रेक ऑइलची बाटली उभीच ठेवावी, नाही तर लाइनमध्ये हवा शिरते. चाकाजवळ सेन्सरची वायर असल्यास ती आधी सोडवावी.

सुट्या छऱ्यांच्या गाडीत खाली स्वच्छ कापड किंवा मोठा ट्रे पसरावा. वरचा नट आणि वरची टी काढल्यावर आतला खाचांचा गोल नट हुक पान्याने सोडवावा. छिन्नी-हातोडीने तो ठोकून फिरवणे ही वाईट सवय आहे. त्याने खाचा मोडतात आणि पुढच्या वेळी तो नट नीट कसता येत नाही. नट सोडताना दुसऱ्या हाताने खालच्या टीला आधार द्यावा. ती एकदम सुटली की छर्रे गाळाभर विखुरतात.

वरचे छर्रे आणि खालचे छर्रे वेगवेगळ्या डब्यांत ठेवून मोजावेत आणि संख्या कागदावर लिहावी. पूर्वी कोणी काम केले असेल तर एखादा छर्रा कमी असू शकतो. म्हणून ही संख्या त्या मॉडेलच्या पार्ट-लिस्टशी ताडून पाहावी. पिंजऱ्याचे बेअरिंग असल्यास त्याची कोणती बाजू वर होती, ते खूण करून ठेवावे.

सर्व भाग रॉकेल किंवा डिझेलने धुवावेत. पेट्रोल वापरू नये, बंद गाळ्यात ते आगीला आमंत्रण आहे. धुतल्यावर स्वच्छ कापडाने कोरडे करून वाट्या उजेडात पाहाव्यात. डोळ्यांना दिसले नाही तर बॉलपेनाचे टोक छऱ्यांच्या वाटेवरून फिरवावे. टोक अडखळले की खळगा आहे, हे निश्चित.

खळगा असेल तर ग्रीस लावून उपयोग नाही. वाट्या, कोन आणि छर्रे असा पूर्ण संच बदलावा. नव्या वाटीत जुने छर्रे किंवा जुन्या वाटीत नवे छर्रे घालू नयेत. जुनी वाटी गळ्याच्या दुसऱ्या बाजूने लांब सळई घालून, आळीपाळीने सगळीकडे ठोकत काढावी. नवी वाटी बसवताना हातोडीचा घाव छऱ्यांच्या वाटेवर पडू देऊ नये. लांब आट्यांचा बोल्ट आणि दोन जाड वॉशर घेऊन ती सरळ ओढून बसवणे उत्तम. वाटी तळापर्यंत टेकली नाही तर काही दिवसांत हँडल पुन्हा सैल होते आणि गिऱ्हाईक तक्रार घेऊन दारात उभा राहतो.

कोणते ग्रीस वापरावे?

ग्रीस म्हणजे बहुतांश तेल आणि ते धरून ठेवणारा साबण. साबणाच्या प्रकारावरून ग्रीसचा गुण ठरतो. जुने स्वस्त कॅल्शियम ग्रीस पाण्याला टिकते, पण उष्णता सोसत नाही. लिथियम साबणाच्या ग्रीसचे पेटंट अमेरिकेत १९४२ साली क्लॅरेन्स अर्ल यांना मिळाले. पाणी आणि उष्णता दोन्ही बऱ्यापैकी सोसत असल्याने ते पुढे जगभर रूढ झाले. काही वाचक विचारतात की, ग्रीसमध्ये जनावरांची चरबी असते काय. पूर्वी साबणासाठी चरबीचा वापर सर्रास होई. लिथियम ग्रीसचा साबण मात्र सामान्यतः एरंडेल तेलापासून काढलेल्या आम्लाचा असतो आणि एरंडीच्या उत्पादनात आपला देश, त्यातही गुजरात, जगात आघाडीवर आहे.

डब्यावर २ किंवा ३ असा नंबर असतो. तो ग्रीसचा घट्टपणा सांगतो, दर्जा नव्हे. मॅन्युअलमध्ये सांगितला असेल तोच घ्यावा. हँडलच्या बेअरिंगला लिथियमचे २ नंबरचे चालते आणि आपल्याकडे एपी-३ नावाने मिळणारे ३ नंबरचेही चालते. लाल, निळा, पिवळा हा केवळ रंग आहे, त्यावरून प्रत ठरवू नये. दोन वेगळ्या जातींची ग्रीस एकमेकांत मिसळली तर ती पातळ होऊन वाहून जाऊ शकतात, म्हणून जुने ग्रीस संपूर्ण धुऊन काढल्याशिवाय नवे लावू नये. आणि डब्याचे झाकण नेहमी बंद ठेवावे. गाळ्यातली धूळ ग्रीसमध्ये मिसळली की ते ग्रीस राहत नाही, पॉलिश पेपर होते.

बसवणे आणि कसणे

वाटीत ग्रीसचा जाड थर द्यावा आणि छर्रे त्यात एकेक करून बसवावेत. ग्रीस त्यांना धरून ठेवते. सर्व छर्रे बसल्यावर थोडी मोकळी जागा उरते. ती तशीच राहिली पाहिजे. एक छर्रा कमी पडला असे समजून जादा छर्रा कोंबू नये. छऱ्यांवरून पुन्हा ग्रीस द्यावे आणि दांड्यालाही पातळ हात मारावा, म्हणजे तो गंजत नाही. धुळीचे रबर फाटले असेल तर नवे घालावे.

आता कसण्याचे काम. सगळे कसब येथे आहे. आतला गोल नट प्रथम थोडा जोराने कसावा, हँडल चार-पाच वेळा टोकापासून टोकापर्यंत फिरवावे, म्हणजे छर्रे जागेवर बसतात. मग नट सैल करावा आणि पुन्हा हलक्या हाताने, खटका नाहीसा होईल एवढाच कसावा. त्यानंतर वरची टी बसवून वरचा नट मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापाने आवळावा. वरचा नट आवळताना आतले कसणे थोडे बदलते. म्हणून शेवटी तिन्ही तपासण्या पुन्हा कराव्यात आणि गरज पडल्यास काम परत जुळवून घ्यावे. नवा संच बसवला असेल तर सुमारे ५०० किलोमीटरनंतर गाडी पुन्हा तपासणीला बोलवावी, कारण नव्या वाट्या थोड्या दबून बसतात.

प्रत्येक सर्व्हिसिंगला तपासणी, आणि साधारण १०-१२ हजार किलोमीटरला किंवा दर पावसाळ्यानंतर खोलून ग्रीसिंग, असा आमचा सल्ला आहे. मॅन्युअलमध्ये याहून लवकरची मुदत असेल तर ती पाळावी.

खोट मालात नाही, मेहनतीत

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. या कामाला लागणारे ग्रीस दोन कप चहाच्या किमतीचे. मेहनत मात्र दोन-तीन तासांची. आणि काम पूर्ण झाल्यावर बाहेरून काहीच दिसत नाही. ज्याने खोलून, धुऊन, ग्रीस भरून दिले त्याची गाडी आणि ज्याने नुसता नट आवळून दिला त्याची गाडी, दोन्ही त्या दिवशी सारख्याच दिसतात. काही ठिकाणी याचाच फायदा घेतला जातो. फटीत बाहेरून बोटाने ग्रीस फासायचे आणि ‘ग्रीसिंग केले’ म्हणून मजुरी लावायची. खळगे पडलेले बेअरिंग आवळून खटका तेवढा दाबायचा. फक्त छर्रे बदलून पूर्ण संचाचे पैसे घ्यायचे. हलका माल घालून अस्सल मालाचे बिल करायचे.

यांपैकी दुसरा प्रकार सर्वांत धोक्याचा आहे. खटका थांबला म्हणून गिऱ्हाईक खूश होऊन जातो, परंतु घट्ट आवळलेल्या खाचेमुळे हँडल अधिकच अडते. तो माणूस मागे पत्नीला आणि पुढे टाकीवर मुलाला बसवून हायवेला लागतो. त्याने आपल्या हाती मजुरीच दिली असे नाही, तर घरच्यांचा जीवही सोपवला.

बाजारातील एक प्रसंग आपण सर्वांनी ऐकलेला आहे. प्रेषित मुहम्मद (स.) धान्याच्या ढिगाजवळून जात असताना त्यांनी ढिगात हात घातला आणि बोटांना ओल लागली. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. तेव्हा भिजलेले धान्य वर का ठेवले नाही, म्हणजे लोकांना दिसले असते, असे विचारून त्यांनी फसवणूक करणाऱ्याशी आपला संबंध तोडला. त्या विक्रेत्याने माल चोरला नव्हता, मापही मारले नव्हते. दोष झाकून ठेवला, एवढीच त्याची चूक. आपल्या धंद्यात चेसिसचा गळा हाच तो ढीग आहे.

म्हणून आमची सूचना अशी की, झाकलेले काम उघडे करून दाखवावे. गाडी खोलल्यावर गिऱ्हाइकाला बोलावून वाटी दाखवावी, पेनाचे टोक त्यालाच फिरवू द्यावे. वाटी चांगली असेल तर तसे स्पष्ट सांगून फक्त ग्रीसिंगची मजुरी घ्यावी. संच बदलला तर जुने भाग पिशवीत घालून त्याच्या हाती द्यावेत. माल कोणत्या प्रतीचा घातला ते बिलावर लिहावे. दोन-तीन तासांच्या मेहनतीची मजुरी मात्र पूर्ण मागावी, त्यात संकोच नको. पूर्ण काम आणि पूर्ण दाम हाच सरळ सौदा. पन्नास-शंभर रुपये कमी करण्यासाठी काम अर्धे करणे यात ना गिऱ्हाइकाचे भले, ना आपले.

दुसरी सूचना वहीची. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची कुरआनची ताकीद आपल्याला ठाऊक आहे. तीच सवय कामाच्या नोंदीलाही लावावी. गाडीचा नंबर, तारीख, किलोमीटर, काय केले, पुढची तपासणी केव्हा, असे पाच रकाने पुरेत. मोबाइलमध्ये नोंद ठेवली तरी चालेल. सहा महिन्यांनी वही उघडून, ज्यांची मुदत झाली त्यांना एक फोन करावा. जाहिरातीवर एक पैसा खर्च न करता गिऱ्हाईक परत येते.

तिसरी सूचना उस्तादांना. शिकाऊ मुलाला आपण पंक्चर आणि ऑइल बदलण्यापुरते शिकवतो आणि असे बारीक काम त्याच्यापासून दूर ठेवतो. त्याच्या हाती एक खळगा पडलेली वाटी आणि एक नवी वाटी द्या, बोटांनी फरक ओळखायला लावा. नट किती कसायचा ते पुस्तकात वाचून येत नाही, चार गाड्या उस्तादाच्या समोर केल्यावर हाताला समजते. इंजिने बदलतील, कार्बोरेटर गेले तसे आणखीही काही जाईल. पण दुचाकीला हँडल राहील तोवर गळ्यातील ही दोन बेअरिंगे राहतील आणि ती खोलून, पुसून, भरून, मापाने कसून देणाऱ्या प्रामाणिक हाताला, इन्शाअल्लाह, काम कमी पडणार नाही.